पाचव्याची साक्ष

वसई रोड स्थानकातून निघालेला रस्ता पापडी ओलांडून वसईगावात जातो आणि पुढे किल्ल्यात शिरतो. 1739 साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून जिंकून घेतलेल्या या किल्ल्यातली छप्पर गेलेली चर्चे, भिंतींत मुळे रोवून बसलेले पिंपळ आणि तटातले अंधारे जिने चित्रपटवाल्यांना फार वर्षांपासून खुणावत आले आहेत. भीती दाखवायची तर पडकी वास्तू हवी, हा आपल्याकडचा पक्का समज. भुताखेताच्या गोष्टीसाठी तो बरोबरही आहे. पण एकामागून एक माणसे मारत सुटलेल्या माणसाची भीती अशा ठिकाणी वस्तीला नसते. महाराष्ट्रात ती पुण्याच्या विजयनगर कॉलनीतल्या घरात आली, भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात आली, मुंबईच्या उपनगरांतल्या झोपड्यांत आणि परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या शिवारात आली. या घटनांवर चित्रपटही निघाले. युरोपातल्या अशाच चित्रपटांशेजारी ते ठेवले तर एक फरक लगेच डोळ्यांत भरतो. युरोपच्या पडद्यावरचा सीरियल किलर एकटा असतो. मराठी पडद्यावर त्याच्याबरोबर कोणीतरी असते, त्याला कोणीतरी पाठवलेले असते, किंवा सगळे पाहून गप्प बसलेले कोणीतरी असते. हा फरक केवळ दिग्दर्शकांच्या आवडीनिवडीतून आलेला नाही. त्याची मुळे आपल्याकडच्या खटल्यांच्या, साक्षींच्या आणि रंगभूमीच्या इतिहासात आहेत. ती तिथे शोधली तर आपले हे मोजके चित्रपट वाटतात त्याहून महत्त्वाचे ठरतात, असे माझे म्हणणे आहे.

आधी युरोपकडे पाहू. 1931 च्या मे महिन्यात बर्लिनमध्ये फ्रिट्झ लांगचा ‘एम’ प्रदर्शित झाला. लहान मुलींना मारणारा, पेटर लोरे या नटाने साकारलेला खुनी त्यात आहे. ड्युसेलडॉर्फ शहराला हादरवणाऱ्या पेटर क्युर्टनचा खटला तेव्हा नुकताच संपला होता. चित्रपट आल्यावर दोन महिन्यांच्या आत त्याचा शिरच्छेद झाला. 1960 साली मायकेल पॉवेलने इंग्लंडमध्ये ‘पीपिंग टॉम’ केला. त्यातला खुनी कॅमेरावाला आहे आणि मरणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरची भीती तो चित्रित करून ठेवतो. समीक्षकांनी या चित्रपटावर इतकी आग पाखडली की पॉवेलची इंग्लंडमधली कारकीर्द जवळजवळ तिथेच थांबली, आणि त्याचे मोल लोकांना कळायला पुढची दोन दशके जावी लागली. या परंपरेचे टोक म्हणजे गेराल्ड कार्गल या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाचा 1983 चा ‘आंग्स्ट’. वेर्नर क्नीसेक हा गुन्हेगार तुरुंगातून रजेवर बाहेर आला असताना जानेवारी 1980 मध्ये सांक्ट पोल्टन शहरातल्या एका घरात शिरला आणि आई, मुलगा आणि मुलगी अशा तिघांना त्याने मारले. कार्गलने ती घटना घेतली आणि प्रेक्षकाला दीड तास त्या माणसाच्या कातडीत कोंडून ठेवले. झ्बिग्न्येव रिब्चिन्स्कीचा कॅमेरा नटाच्या अंगाला बांधल्यासारखा त्याच्याभोवती फिरतो, क्लाऊस शुल्झचे यंत्रसंगीत घणघणत राहते, आणि सगळ्यावर खुन्याचे स्वगत चालू असते: मला काय वाटले, लहानपणी माझे काय झाले, आता मी काय करणार. घरातली तीन माणसे बोलत नाहीत म्हटले तरी चालेल. अनेक देशांनी चित्रपट दाखवू दिला नाही, कार्गलचे स्वतःचे पैसे त्यात बुडाले आणि त्याने पुन्हा कथापट केला नाही. आज जगभरचे चित्रपटवेडे ‘आंग्स्ट’ शोधून पाहतात आणि तो त्यांच्या पंथाचा ग्रंथ झाला आहे. त्याची कलात्मक ताकद मी नाकारत नाही. पण त्याचे व्याकरण प्रथमपुरुषी एकवचनी आहे, हे लक्षात ठेवू.

‘आंग्स्ट’ ज्या वर्षी आला त्याच वर्षी, 27 नोव्हेंबर 1983 रोजी, पुण्यात येरवडा तुरुंगात चार तरुणांना फाशी दिली गेली: राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह. चौघेही टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी, जाहिरातकला शिकणारे. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या चौदा महिन्यांत त्यांनी दहा माणसे मारली. पहिला बळी त्यांच्याच वर्गातला मित्र, एका हॉटेलमालकाचा मुलगा. खंडणीसाठी त्याला बोलावून घेतले गेले आणि त्याचे प्रेत पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात बुडवले गेले. 31 ऑक्टोबर 1976 ला विजयनगर कॉलनीतले जोशी कुटुंब गेले. 1 डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या ‘स्मृती’ बंगल्यात संस्कृत पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी, दोन नातवंडे आणि घरात कामाला असलेल्या वृद्ध बाई अशी पाच माणसे मारली गेली. शेवटचा खून 23 मार्च 1977 चा, एका वर्गमित्राच्या भावाचा. हे बहुतेक सगळे आणीबाणीत घडले. शहरात पोलिसांचा वचक होता, वर्तमानपत्रांवर बंधने होती, संप नव्हते, मोर्चे नव्हते, आणि ‘शिस्त’ या शब्दाचा जप चालू होता. त्या शिस्तीच्या शहरात लोक अंधार पडायच्या आत दारे लावून घेऊ लागले. आणीबाणी 21 मार्चला उठली आणि दोनच दिवसांनी दहावा माणूस मारला गेला. त्याचे शिडीला बांधलेले प्रेत बंडगार्डनजवळ नदीत वर आले, दोरीच्या गाठी आधीच्या खुनांशी जुळल्या, आणि मित्रमंडळींच्या जबाबांतली विसंगती पोलिसांच्या हाती लागली.

या चौघांबरोबर आणखी एक होता. पहिल्या खुनाच्या वेळी तो त्यांच्या सोबत होता, नंतर बाजूला झाला, पण बोलला नाही. अटकेनंतर तो माफीचा साक्षीदार झाला आणि खटल्याचा कणा त्याच्या साक्षीने ताठ झाला. मे 1978 मध्ये खटला उभा राहिला, 28 सप्टेंबर 1978 रोजी सत्र न्यायाधीश वामन नारायण बापट यांनी फाशीची शिक्षा सुनावली, 6 एप्रिल 1979 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. 1986 साली राजदत्त यांनी या प्रकरणावर मराठी चित्रपट केला. जक्कलवर बेतलेली भूमिका नाना पाटेकर यांची. त्यांच्या चेहऱ्यावरच अख्खा चित्रपट विकता आला असता, आणि ‘नराधम’, ‘हैवान’ अशी नावे तेव्हाच्या जाहिरातींना साजलीही असती. पण चित्रपटाचे नाव ठेवले गेले ‘माफीचा साक्षीदार’. खुन्याच्या नावाने चित्रपट ओळखला गेला नाही. जो वाचला, ज्याने पाहिले आणि ज्याने सांगितले त्याच्या कायदेशीर पदाने ओळखला गेला. युरोपातल्या एखाद्या निर्मात्याने हे नाव ठेवले असते असे मला वाटत नाही. मराठी प्रेक्षकाला मात्र ते समजावून सांगावे लागले नाही, कारण वर्षभर वर्तमानपत्रांतून खटल्याच्या बातम्या वाचून हा शब्द घराघरात पोचला होता.

माफीच्या साक्षीदाराचा इतिहास पुण्याच्या खटल्याहून बराच जुना आहे, आणि तो सुरू होतो तोही खूनसत्रांपासूनच. 1830 च्या दशकात विल्यम स्लीमन याने सागर-जबलपूर भागातून ठगांविरुद्ध मोहीम उघडली तेव्हा त्याच्या हाती मुद्देमाल फारसा नव्हता. प्रेते वर्षानुवर्षांपूर्वी पुरलेली, मारले गेलेले वाटसरू परमुलखातले. मग पकडलेल्या ठगांनाच जीवदान देऊन बोलते केले गेले. फिरंगिया हा त्यांतला सर्वांत गाजलेला. कुठल्या वाटेवर, कुठल्या झाडाखाली, कोण कोण होते आणि गळ्याला फास कोणी टाकला, हे सगळे अशा साथीदारांच्या तोंडून सरकारी कागदांवर आले. पुढे काही वर्षे नळदुर्गला कारभार पाहिलेल्या फिलिप मेडोज टेलर याने 1839 साली त्यावरच ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी रचली आणि ती इंग्लंडात खूप खपली. आजचे इतिहासकार ठगांच्या या कागदपत्रांकडे संशयाने पाहतात. जीव वाचवण्यासाठी बोलणारा माणूस साहेबाला हवे तेच सांगतो, टोळी होती त्याहून मोठी आणि धर्म होता त्याहून गूढ करून सांगतो, असा त्यांचा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. कायद्यालाही हा धोका ठाऊक होता. म्हणून फौजदारी प्रक्रिया संहितेने माफी देताना अट घातली की साक्षीदाराने आपल्याला माहीत असलेले सगळे, आपल्या वाट्यासकट, खरे सांगितले पाहिजे. काही दडवले तर माफी जाते. शिवाय त्याच्या साक्षीला मुख्य बाबींत स्वतंत्र दुजोरा असल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये, ही आपल्या न्यायालयांची रीत झाली. या अटींमुळे त्या साक्षीला एक ठराविक रूप येते. साक्षीदाराला ‘त्यांनी केले’ एवढे म्हणून सुटता येत नाही. ‘आम्ही भेटलो, आम्ही ठरवले, मी दाराशी उभा राहिलो’ असेच त्याला बोलावे लागते. ‘आंग्स्ट’चे स्वगत आणि पुण्याच्या खटल्यातली साक्ष यांच्यातला फरक हा असा आहे. पहिल्यात ‘मी’ बोलतो, दुसऱ्यात ‘आम्ही’. चित्रपट ज्या कागदावरून उभा राहतो त्या कागदाचा आवाज त्याच्यात उतरल्याशिवाय राहत नाही.

मानवतचे प्रकरण पुण्याच्या खुनांआधीचे, पण चित्रपटाच्या दृष्टीने अधिक धाडसी. 1972 च्या नोव्हेंबरपासून 1974 च्या जानेवारीपर्यंत परभणी जिल्ह्यातल्या या छोट्या गावाच्या आसपास मुली आणि बायका एकेक करून मारल्या गेल्या. 1972 चा दुष्काळ मराठवाड्याच्या अंगावर होता. गुप्तधन मिळावे, मूल व्हावे यासाठी हे बळी दिले गेले, असा आरोप गावातल्या सत्तावान माणसावर आणि त्याच्या सोबतच्या स्त्रीवर झाला. तपास मुंबईहून आलेल्या रमाकांत कुलकर्णी यांनी केला. ज्यांच्याकडे सगळ्यांची बोटे होती ते दोघे अखेर सर्वोच्च न्यायालयात पुराव्याअभावी सुटले. खून प्रत्यक्ष केल्याचे ज्यांच्यावर शाबीत झाले त्या हाताखालच्या माणसांना मात्र शिक्षा भोगावी लागली. या निकालात मराठी चित्रपटाला लागणारे सगळे नाट्य होते, आणि ते नेमके हेरणारा लेखकही होता. विजय तेंडुलकर त्या वर्षांत नेहरू शिष्यवृत्तीवर समाजातल्या वाढत्या हिंसेचा अभ्यास करत होते. त्यांनी लिहिलेला आणि अमोल पालेकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘आक्रित’ 1981 साली आला. दिग्दर्शक म्हणून पालेकरांचा हा पहिला चित्रपट. ‘रजनीगंधा’ आणि ‘छोटी सी बात’मधला भिडस्त तरुण म्हणून घराघरात ठाऊक असलेल्या या नटाने स्वतःच मुकुटराव या गावच्या धन्याची भूमिका केली, चित्रा पालेकर यांनी रुहीची. फ्रान्समधल्या नांतच्या महोत्सवात त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. ‘आक्रित’मध्ये खुनाची इच्छा एकाची, सल्ला दुसऱ्याचा, हात तिसऱ्याचे आणि मौन गावाचे अशी वाटणी आहे. कोणा एकाच्या डोक्यात शिरून हा चित्रपट समजत नाही, कारण गुन्हा कोणा एकाच्या डोक्यात मावतच नाही.

तेंडुलकरांचे नाव इथे योगायोगाने आलेले नाही. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये हौशी नाटकवाल्यांचा एक घोळका खेळता खेळता एका बाईचा फडशा पाडतो. त्या घोळक्यातला कोणीही एकटा पाहिला तर सामान्य, बावळटच वाटावा असा आहे. ‘गिधाडे’मध्ये एक कुटुंबच एकमेकांचे लचके तोडते. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये माणसांची भिंत उभी राहते आणि ती भिंतच गाते, नाचते, लपवते आणि शेवटी मारते. तीनही नाटके मानवत-पुण्याच्या खटल्यांआधी रंगमंचावर आलेली आहेत. म्हणजे हे खटले उभे राहिले तेव्हा, क्रौर्य एकट्यादुकट्याच्या विकृतीतून येते या समजाला मराठी रंगभूमीने आधीच सुरुंग लावला होता. प्रेक्षक तयार होता. अभिनव कला महाविद्यालयातली चार मुले ही ‘चांगल्या घरची’, वर्गात बसणारी, कँटीनमध्ये चहा पिणारी होती, ही गोष्ट पुणेकरांना सर्वांत जास्त टोचली. त्यांना घाबरवणारे उत्तर ‘ते वेडे होते’ हे नव्हते. ती मुले एकमेकांना मागे हटू देत नव्हती आणि एकाला ठाऊक असूनही तो गप्प राहिला, यात खरा धसका होता.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. पुण्याचे खुनी टोळीने वागले आणि मानवतचे कटाने, म्हणून चित्रपट तसे झाले. यात परंपरा कसली आणि दृष्टी कसली? घटनेनेच रूप ठरवले. या आक्षेपाला उत्तर रामन राघवच्या प्रकरणात मिळते, कारण तो पुरता एकटा होता. 1965-66 मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत रेल्वेमार्गालगत आणि 1968 मध्ये उत्तरेकडच्या उपनगरांत, झोपड्यांत आणि उघड्यावर झोपलेली माणसे डोक्यात घाव घालून मारली जात होती. 27 ऑगस्ट 1968 रोजी उपनिरीक्षक अॅलेक्स फियालो यांनी वर्णनावरून एका माणसाला ओळखले. सिंधी दलवाई, अण्णा, तंबी अशी त्याची अनेक नावे निघाली. त्याच्याजवळ चष्मा, कंगवे, कात्री, साबण, लसूण, चहाची पूड अशा वस्तू सापडल्या. तपास तेव्हाही रमाकांत कुलकर्णी यांच्याकडेच होता. रामन राघवने चाळिसाहून अधिक खुनांची कबुली दिली. सत्र न्यायालयाने फाशी दिली, मनोविकारतज्ज्ञांनी त्याला असाध्य स्किझोफ्रेनिया असल्याचे सांगितले, 1987 साली उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली आणि 1995 साली तो पुण्यात ससून रुग्णालयात मेला. कानूनची एक दुनिया आहे आणि आपण राहतो ती दुसरी, असे काहीसे तो डॉक्टरांना सांगत असे. ‘एम’ किंवा ‘आंग्स्ट’ करायला याहून अनुकूल विषय कुठला? खटला मुंबईतला, तपास अधिकारी मराठी, वर्तमानपत्रे रकाने भरभरून लिहीत होती. तरी मराठी चित्रपटाने त्याला हात लावला नाही. तो पडद्यावर आला तो हिंदीत: 1991 मध्ये श्रीराम राघवन यांनी रघुबीर यादव यांना घेऊन केलेल्या माहितीपटवजा चित्रपटात आणि 2016 मध्ये अनुराग कश्यप यांच्या ‘रामन राघव 2.0’ मध्ये. एकटा खुनी समोर असतानाही मराठीने त्याला निवडले नाही, आणि कश्यपांनी निवडला तेव्हा त्यांनाही त्याला जोडीदार द्यावासा वाटला: त्यांच्या चित्रपटात रामनला आपला दुसरा अर्धा भाग एका पोलिसात सापडतो. पुण्याच्या खुनांवरून सुचलेला, कधीच चित्रपटगृहात न लागलेला त्यांचा ‘पाँच’ही पाच जणांच्या बँडचाच होता.

मात्र याच ठिकाणी माझ्या मांडणीतली एक दुखरी बाजू दिसते आणि ती झाकून चालणार नाही. रामन राघवचे बळी पदपथावरचे, झोपडीतले, बहुतेक परप्रांतातून पोटासाठी आलेले. पुण्याचे बळी बंगल्यातले. मराठी चित्रपटाने ‘एकट्या वेड्या’कडे पाठ फिरवली ती दृष्टीच्या खोलीमुळे की मेलेली माणसे आपली वाटली नाहीत म्हणून? दोन्ही कारणे खरी असावीत, आणि दुसरे कारण आपल्याला शोभणारे नाही. ‘आक्रित’ हा त्याला अपवाद. त्यातल्या बळी गेलेल्या मुली गरिबांच्या आहेत, आणि ती गरिबी हेच त्यांना निवडण्याचे कारण आहे, हे तेंडुलकर-पालेकरांनी लपवले नाही.

दुसरा आक्षेप चित्रपटाचे जाणकार घेतील. ‘एम’मध्ये समाज नाही असे कसे म्हणता? त्यात अख्खे शहर आहे, पोलीस आहेत, भिकाऱ्यांची संघटना आहे आणि शेवटी गुन्हेगारांनीच भरवलेले न्यायालय आहे. हे खरे आहे, आणि म्हणूनच ‘एम’ इतरांपेक्षा मोठा चित्रपट आहे. पण त्या जमावाचे काम खुन्याला शोधण्याचे आणि घेरण्याचे आहे. खुनात त्याचा भाग नाही. लोरेच्या तोंडचे शेवटचे भाषण ऐकताना जमाव एका बाजूला आणि तो एकटा दुसऱ्या बाजूला, अशीच रचना राहते. मराठीत ती रेषा पुसली जाते. तिसरा आक्षेप पैशाचा आणि सेन्सॉरचा: मराठी निर्मात्याकडे भयपट करण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्याने न्यायालय दाखवून भागवले. परंतु ‘आंग्स्ट’ही एका माणसाच्या खिशातून, मूठभर नटांत, एका घरात झाला. भयाला भांडवल कमी लागते. मराठी वाचक भित्रा होता म्हणावे तर त्याच काळात नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा वाचनालयांत हातोहात फिरत होत्या. चवीचा अभाव नव्हता. त्या चवीला खुन्याच्या मनातल्या गुहेपेक्षा शेजारच्या घरात काय चालले आहे याची धास्ती जास्त भिडत होती.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि त्यात माझ्या लाडक्या माफीच्या साक्षीदारालाच उभे केले जाते. जो बोलून सुटला त्याच्या तोंडून गोष्ट ऐकायची म्हणजे पुन्हा गुन्हेगाराच्या बाजूनेच ऐकायची. ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ आले, पण मेलेले मुकेच राहिले. मुनव्वर शाहचे तुरुंगात लिहिलेले ‘येस, आय अॅम गिल्टी’ मराठी वाचकांनी झपाटून वाचले. मात्र काशिनाथशास्त्री अभ्यंकर कोण होते, हे किती वाचकांना सांगता येईल? महाभाष्याचे मराठी भाषांतर करणाऱ्या वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचे ते चिरंजीव. 1961 साली बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने प्रसिद्ध केलेला त्यांचा संस्कृत व्याकरणाचा इंग्रजी कोश आजही जगभरच्या संस्कृत विभागांत वापरला जातो. पाणिनीचा एखादा पारिभाषिक शब्द अडला की अभ्यासक त्यांच्याकडे धाव घेतो, आणि पुण्यात त्यांचे नाव ‘जोशी-अभ्यंकर हत्याकांड’ या जोडनावात अडकून पडले आहे. त्याच रात्री त्याच घरात गेलेल्या कामाच्या बाई तर त्या जोडनावातही मावल्या नाहीत. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. साक्षीदाराच्या चित्रपटाने खुन्याचे एकटेपण मोडले, तेवढे मोठे काम केले; पण मेलेल्या माणसांचे जगणे त्याने उभे केले नाही. साक्षीदाराला त्यांच्या जगण्याबद्दल काही माहीतच नसते, त्याने फक्त शेवटची घटका पाहिलेली असते. ती उणीव न्यायालयाच्या कागदाने भरून निघणार नाही. त्यासाठी लेखकाला त्या घरांत, त्या शाळांत, त्या ग्रंथांत जावे लागेल.

2024 साली मानवतचे प्रकरण ‘मानवत मर्डर्स’ या मराठी मालिकेतून पुन्हा आले. आशिष बेंडे यांच्या या मालिकेत आशुतोष गोवारीकर रमाकांत कुलकर्णींच्या भूमिकेत, आणि मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर असे कलावंत आहेत. तिचा मोहरा तपास अधिकाऱ्याकडे वळलेला आहे, जगभरच्या अशा मालिकांचा असतो तसा. तरी आरोपींचे नातेगोते, देणेघेणे आणि एकमेकांवरची पकड यांतच तिचा जीव आहे. चाळीस वर्षांनी, वेगळ्या माध्यमात, वेगळ्या पिढीच्या हातूनही ‘आम्ही’ सुटलेले नाही, ही गोष्ट माझ्या मांडणीला बळ देणारी वाटते.

एक मोठा खटला अजून मराठी लेखकाची वाट पाहतो आहे. 1990 ते 1996 या काळात एक आई आणि तिच्या दोन मुली पुणे, ठाणे, कोल्हापूर, नाशिक अशा भागांतून गरिबांची लहान मुले पळवत होत्या, त्यांना चोरीच्या कामात वापरत होत्या आणि नकोशी झाली की मारत होत्या. वेगवेगळ्या शहरांतल्या पोलीस ठाण्यांतल्या नोंदी जोडायला सहा वर्षे लागली. आई खटल्याआधीच मेली. 2001 साली कोल्हापूरच्या न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी दिली, 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि दयेच्या अर्जांवर सरकारने लावलेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये तिची जन्मठेप केली. या खटल्यातही मुख्य साक्ष घरातल्याच एका माणसाची होती: एका बहिणीचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. 2019 मध्ये यावर ‘पोशम पा’ हा चित्रपट निघाला, तो हिंदीत. मराठीत जो कोणी हा विषय हाती घेईल त्याने दोन बायकांना हडळी करून सोडून देऊ नये. राजदत्त आणि पालेकर यांनी घातलेली वाट त्याच्यापुढे आहे; तिच्यावरून जाताना त्याने साक्षीदाराचा जबाब जेवढा बारकाईने वाचावा तेवढ्याच बारकाईने हरवलेल्या मुलांच्या तक्रारींचे कागदही वाचावेत, आणि ज्या आईबापांची तक्रार नीट ऐकूनही घेतली गेली नसेल त्यांना चित्रपटात बोलायला जागा द्यावी.